खानदेशातील भिल्लांचे उठाव

मराठी राज्याच्या अस्तानंतर खानदेशात नव्याने स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीविरुद्ध भिल्ल नाईकांनी व त्यांच्या अनुयायांनी केलेले सशस्त्र उठाव. त्यांचा पहिला कालखंड १८१८ ते १८३१ हा असून दुसरा कालखंड १८५७ ते १८६० हा होय. तत्कालीन सरकारी कागदपत्रांत ह्या घटनांचा उल्लेख बहुधा दरोडे, लूट व पुंडाई अशा शब्दांनी केलेला आढळतो. तथापि पिढीजात हक्क लेखी पुराव्याखेरीज न मानणारे नवे राज्य आणि ते हक्क परंपरेने व शस्त्राच्या बळावर सांभाळणारा डोंगरी समाज यांच्यातील तो झगडा होता. त्याचे स्वरूप समजण्यासाठी कंपनीपूर्व काळातील भिल्लांचे स्थान प्रथम लक्षात घ्यावे लागते.

पार्श्वभूमी : तापी व तिच्या उपनद्या यांच्या सपाट, सुपीक प्रदेशास उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याची रांग आणि पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे व डांगचे अरण्य यांनी वेढलेले आहे. ह्या डोंगरपट्ट्यात भिल्लांची वस्ती प्राचीन काळापासून असून त्यांच्यात अनेक पोटभेद आहेत. यावल-रावेरकडील तडवी हे इस्लामचा स्वीकार केलेले भिल्ल होत. नंदुरबारकडे वसावे व मावची, तर अक्राणी परिसरात पावरा यांची वस्ती आहे. सपाटीवरील गावांत मात्र भिल्ल हे संख्येने अल्प होते. तेथे ते शेतकरी म्हणून नव्हे, तर गावाचे जागले म्हणून राहत.

जागल्याचे काम जोखमीचे असे. रात्री गावाची राखण करणे, शिवेवर पहारा ठेवणे, चोराचा माग काढून तो शेजारच्या गावाच्या हद्दीपर्यंत पोहोचविणे व माग न लागल्यास चोरीची भरपाई करणे, ह्या त्याच्या जबाबदाऱ्या होत. त्याबद्दल त्यास खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. घाटांच्या नाक्यांवर राहणारे नाईक वाटसरू व बैलांचे तांडे यांना संरक्षण देत आणि त्याबद्दल ठरावीक कर घेत. पश्चिमेकडील डोंगरी प्रमुख सपाटीवरील गावांकडून ‘गिरास’ नावाचा वार्षिक हक्क वसूल करीत. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो उपद्रव टाळण्यासाठी दिलेला पैसा होता, तर डोंगरी प्रमुखांच्या दृष्टीने तो त्या भूमीवरील आपल्या जुन्या सत्तेचा वाटा होता. राज्यकर्ते बदलले, तरी हे हक्क बहुधा चालू राहत. ते लेखी सनदेपेक्षा वहिवाटीवर अधिक आधारलेले होते.

ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलमडली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकराच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला आणि पाठोपाठ १८०३–०४ चा भीषण दुष्काळ आला. गावे ओस पडली. राखण्यास गावच न उरल्यामुळे जागल्यांचा धान्याचा वाटा संपला आणि हजारो भिल्ल डोंगरात निघून गेले. तेथून ते सपाटीवर स्वाऱ्या करू लागले. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यांचा बंदोबस्त अत्यंत क्रूरपणे केला. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याच्या कारकीर्दीत कोपरगाव येथे भिल्लांना अभयाचे आश्वासन देऊन बोलाविण्यात आले व त्यांची कत्तल करण्यात आली. चाळीसगाव, धरणगाव व अंतूर येथेही अशाच कत्तली झाल्या. सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, हा धडा भिल्लांनी ह्या काळात घेतला आणि पुढील घटनांवर त्याचा खोल परिणाम झाला.

नवी राजवट : ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहान्वये होळकराने सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख कंपनीस दिला. त्याच वर्षी पेशवाईचा शेवट होऊन उरलेला खानदेशही इंग्रजांकडे आला. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर टॉमस हिस्लॉप याने थाळनेरचा किल्ला घेतला व किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिले. मालेगावच्या किल्ल्यातील अरब शिबंदीने मात्र प्रखर प्रतिकार केला आणि जून १८१८ मध्ये तो किल्ला पडला. दख्खनचा आयुक्त मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने कॅप्टन जॉन ब्रिग्ज याची खानदेशचा राजकीय प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली. ब्रिग्जने धुळे हे ठाणे निवडले व तेथून जिल्ह्याची घडी बसविण्यास प्रारंभ केला.

ब्रिग्जपुढे असलेला प्रदेश उजाड झालेला होता. नोकरी गमावलेले अरब व पेंढारी हिंडत होते, तर डोंगरात अनेक नाईकांच्या हाताखाली काही हजार सशस्त्र भिल्ल होते. पूर्वीच्या सत्ता घाटावरील नाईकाशी कधी लढत व कधी करार करीत. त्याच्या हाती शस्त्र असणे व त्याने कर घेणे त्यांना अस्वाभाविक वाटत नसे. कंपनीच्या राज्यकल्पनेत मात्र शस्त्र, कर व शिक्षा ह्या तिन्ही गोष्टी केवळ सरकारच्या अधिकारातील होत्या. त्यामुळे जो नाईक काल घाटाचा रखवालदार होता, तो आज कायद्याने वाटमाऱ्या ठरला.

पहिला कालखंड (१८१८–२५) : ब्रिग्जचे धोरण दुहेरी होते. एकीकडे त्याने घाटांच्या तोंडाशी लष्करी चौक्या बसवून सपाटीवरून डोंगरात जाणारे धान्य रोखले व तुकड्यांकरवी टोळ्यांचा पाठलाग केला. दुसरीकडे शरण येणाऱ्या नाईकांना तनखे देऊ केले, त्यांच्या अनुयायांच्या वर्तनाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आणि भिल्लांनी पुन्हा गावांत येऊन जागलकी करावी म्हणून त्यांना वेतन देण्याची योजना आखली. काही नाईक शरण आले. परंतु तनखा नियमित मिळेल याची खात्री नव्हती. शिवाय तो सरकारच्या मर्जीवर अवलंबून होता. जुना हक्क मिळविण्यासाठी कोणाची मर्जी लागत नसे. ह्या फरकामुळे शरण आलेले नाईक पुनःपुन्हा डोंगरात परतत.

१८१९ मध्ये सर्व दिशांना उठाव झाला. सातमाळ्यातील प्रबळ नाईक चिल याला पकडून फाशी देण्यात आले, परंतु त्याच्या जागी हिरिया पुढे आला. दशरथ हाही ह्या काळातील एक प्रमुख नाईक होता. एक टोळी मोडली की दुसरी उभी राहावी, असा क्रम पुढील काही वर्षे चालला. सरकारी फौजेचा मोठा शत्रू भिल्लांचे तिरकमठे नसून सातपुड्यातील हिवताप होता. पावसाळ्यानंतर डोंगरात गेलेल्या तुकड्या आजाराने निकामी होऊन परतत. १८२३ मध्ये ब्रिग्जच्या जागी कर्नल रॉबिन्सन आला. त्याच्या काळात दडपशाही अधिक तीव्र झाली, परंतु तीतून स्थैर्य लाभले नाही.

१८२५ मध्ये बागलाणात सेवाराम नावाच्या सोनाराच्या चिथावणीने मोठा उठाव झाला. त्याने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे दाखवून शेकडो भिल्ल जमविले व एका डोंगरी किल्ल्यावर छत्रपतींचे निशाण उभारले. लेफ्टनंट जेम्स औट्रम (१८०३–६३) याने अचानक छापा घालून हा जमाव उधळून लावला. पत्रे बनावट असली, तरी त्यांचा झालेला परिणाम उद्‌बोधक आहे. नवे सरकार कायम टिकणार नाही व हक्क देणारा जुना धनी परत येईल, ही आशा डोंगरात अद्याप जिवंत होती.

भिल्ल एजन्सी व भिल्ल पलटण : सात वर्षांच्या मोहिमांनंतरही शांतता निर्माण न झाल्याने मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनने १८२५ मध्ये धोरण बदलले. भिल्लांचा प्रदेश वायव्य, ईशान्य व दक्षिण अशा तीन एजन्सींत विभागण्यात आला. वायव्येस कॅप्टन रिग्बी, दक्षिणेस कन्नड येथे कॅप्टन ओव्हान्स व ईशान्येस धरणगाव येथे औट्रम यांची नेमणूक झाली. एजंटांनी नाईकांच्या तक्रारी समक्ष ऐकाव्यात, जुने गुन्हे माफ करावेत, मान्य होण्याजोगे हक्क ठरवून द्यावेत आणि शेतीसाठी पडीक जमीन, बैल, बी व तगाई द्यावी, असे ठरले. पश्चिमेकडील गिरास हक्कांची चौकशी होऊन अनेक ठिकाणी ती रक्कम सरकारी खजिन्यातून देण्याची व्यवस्था झाली. यामुळे गावकऱ्यांचा त्रास कमी झाला. मात्र डोंगरी प्रमुखाचा गावाशी असलेला प्रत्यक्ष संबंध तुटून तो सरकारचा तनखेदार बनला.

ह्या योजनेचा दुसरा भाग भिल्लांची पलटण उभारण्याचा होता. तत्पूर्वीचे असे प्रयत्न फसले होते. औट्रम डोंगरात जाऊन भिल्लांमध्ये मिसळला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला व प्रथम अवघे ९ जण भरती करून त्याने पलटणीस प्रारंभ केला. आपणास एकत्र जमवून मारण्याचा हा डाव आहे, अशी अफवा आरंभी उठली. कोपरगावच्या आठवणी ताज्या असलेल्या समाजात ती खरी वाटणे स्वाभाविक होते. पुढे विश्वास बसत गेला आणि संख्या काही शेकड्यांवर गेली. पलटणीची तुकडी मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा तेथील नियमित फौजेच्या शिपायांनी तिचे पानसुपारी देऊन स्वागत केल्याची नोंद आहे. जातीच्या दृष्टीने खालचे मानल्या गेलेल्या ह्या शिपायांस लाभलेली ही प्रतिष्ठा वेतनाइतकीच महत्त्वाची ठरली. १८२८ मध्ये जिल्ह्याने सुमारे वीस वर्षांत प्रथमच सलग सहा महिने शांतता अनुभवली, असे जिल्हाधिकाऱ्याने कळविले. खानदेशातील हा प्रयोग पुढे अन्यत्रही अनुसरण्यात आला. माळव्यात १८४० मध्ये व मेवाडात १८४१ मध्ये भिल्ल पलटणी उभारण्यात आल्या.

ह्या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. १८३० मध्ये औट्रमने डांगच्या अरण्यात मोहीम काढली. तेथील राजांनी सपाटीवर केलेल्या स्वाऱ्या हे तिचे कारण होते. आतापर्यंत दुर्गम मानलेला हा प्रदेश भिल्ल पलटणीच्या साहाय्याने काबीज झाला व गढवीचा राजा सिलपत याला पकडण्यात आले. डोंगरातील वाटा, पाणवठे व लपण्याच्या जागा जाणणारे भिल्ल शिपाईच ह्या विजयाचे साधन होते. १८४२ मध्ये डांगच्या राजांकडून सरकारने तेथील जंगल खंडाने घेतले आणि जहाजबांधणीस उपयुक्त असलेल्या सागवानाची तोड सुरू झाली.

शांततेच्या मर्यादा : एजन्सीने दिलेली हमी ही बऱ्याच अंशी विशिष्ट अधिकाऱ्यांच्या व्यक्तिगत संबंधांवर उभी होती. १८३५ मध्ये औट्रमची बदली झाली आणि कालांतराने एजन्सीचे काम सामान्य प्रशासनात व पोलीस खात्यात विरून गेले. दरम्यान नवी जमीन मोजणी, रोख सारा व सावकारी यांमुळे भिल्लांना दिलेली शेते त्यांच्या हातून निसटू लागली. पगारी पोलीस आल्यावर जागल्याचे महत्त्व घटले. ज्या नाईकांना सरकारने पहारेकरी म्हणून सामावून घेतले होते, त्यांच्यावर नव्या फौजदारी कायद्याचा अंमलही होऊ लागला. दुसऱ्या कालखंडातील दोन प्रमुख पुढारी ह्याच वर्गातील होते, ही लक्षणीय गोष्ट आहे.

दुसरा कालखंड (१८५७–६०) : मुंबई-आग्रा मार्गावरील सेंधवा घाटाची राखण खाज्या (काजीसिंग) नाईकाकडे होती. त्याचा बाप गुमान नाईक हाही तेच काम करीत असे. एका संशयिताचा त्याच्या हातून मृत्यू झाल्यामुळे खाज्यास नोकरीतून काढून तुरुंगात टाकण्यात आले. १८५७ मध्ये, उत्तर हिंदुस्थानातील उठावाच्या वार्ता येत असताना, त्यास पुन्हा नोकरीवर घेण्यात आले, परंतु लवकरच त्याने भीमा नाईकासह बंड पुकारले. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांनी सेंधव्याजवळ सुमारे ७ लाख रुपयांचा सरकारी खजिना लुटला. तारायंत्राच्या तारा तोडल्या गेल्या व हमरस्ता असुरक्षित झाला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे मोठी लढाई झाली. तीत भिल्लांचा पराभव झाला. पकडलेल्यांपैकी अनेकांना गोळ्या घालून ठार करण्यात आले व शेकडो स्त्रियांना कैद करण्यात आले. खाज्या नाईक १८६० मध्ये दगाफटक्याने मारला गेला. भीमा नाईक पुढे पकडला गेला व अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा भोगत असता मरण पावला.

खानदेशाच्या दक्षिणेस नासिक व अहमदनगर भागांत भागोजी नाईक ह्याने उठाव केला. तो पूर्वी अहमदनगरच्या पोलीस दलात अधिकारी होता. १८५५ मध्ये त्यास शिक्षा झाली व सुटकेनंतर चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन मागण्यात आला. त्याने सुमारे ५० माणसांसह पुणे-नासिक रस्त्यावर नांदूर-शिंगोटे येथे ठाण मांडले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्याच्यावर चालून गेलेला पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री ह्या चकमकीत ठार झाला. त्यानंतर सरकारने कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली महादेव कोळ्यांची स्वतंत्र पलटण उभारली. विशेष म्हणजे त्यापूर्वी दहा वर्षांच्या आत राघोजी भांगरे याच्या नेतृत्वाखाली कोळ्यांनीच बंड केले होते आणि २ मे १८४८ रोजी राघोजीला ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले होते. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नरजवळील मिठसागर येथे सूटर ह्या अधिकाऱ्याने भागोजीस गाठले. लढाईत तो व त्याचे ४० हून अधिक साथीदार मारले गेले. गरज संपताच १८६१ मध्ये कोळी पलटण बरखास्त करण्यात आली. खानदेशची भिल्ल पलटण ह्या सर्व काळात सरकारच्या बाजूने लढली.

तुलना : सशस्त्र अल्पसंख्य समाज व नवे राज्य यांच्यातील असा संघर्ष केवळ भारतापुरता मर्यादित नाही. विसाव्या शतकातील इराकच्या ॲसिरियन ख्रिस्ती समाजाचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात हक्कारीच्या डोंगरातून परागंदा झालेल्या ह्या लोकांना ब्रिटिशांनी इराकमधील आपल्या लेव्ही पलटणीत भरती केले. ऑक्टोबर १९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाल्यावर नव्या राज्यास ही शस्त्रसज्ज जमात परकीयांची हस्तक वाटू लागली, तर धर्मगुरू मार शिमून याने आपल्या समाजासाठी मागितलेली स्वायत्तता नाकारण्यात आली. जुलै १९३३ मध्ये काही सशस्त्र ॲसिरियन सिरियात गेले. परतताना ४ ऑगस्ट रोजी दैराबून येथे त्यांची इराकी सैन्याशी चकमक झाली आणि ११ ऑगस्ट रोजी सिमेल येथे निःशस्त्र लोकांची मोठी कत्तल झाली. दोन्ही उदाहरणांतील भेदही स्पष्ट आहे. ॲसिरियन हे निर्वासित होते, तर भिल्ल आपल्याच भूमीत होते. तेथील नवे राज्य देशी होते, येथील परकीय. परंतु पलटणीत भरती केल्याने एखाद्या समाजाच्या हक्कांचा प्रश्न सुटत नाही, तर तो पुढे ढकलला जातो, ही गोष्ट दोन्हीकडे दिसून येते.

मूल्यमापन : ह्या उठावांचा वृत्तांत प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातून मिळतो. पलटणीचा अधिकारी ग्रॅहम याचे टिपण, खानदेशचे गॅझेटिअर (१८८०) व सिमकॉक्स याने लिहिलेला पलटणीचा इतिहास हे त्यांपैकी महत्त्वाचे होत. त्यांत औट्रमचे शौर्य व औदार्य यांचे वर्णन विस्ताराने येते. नाईकांचे म्हणणे मात्र अधिकाऱ्यांच्या अहवालांतून तुटकपणे कळते. अलीकडील संशोधकांपैकी सुमीत गुहा यांनी डोंगरी समाज व सपाटीवरील राज्ये यांचे संबंध दीर्घ इतिहासक्रमात तपासले, तर अजय स्कारिया यांनी डांगच्या अभ्यासातून गिरास ही निव्वळ लूट नसून राजसत्तेतील भागीदारीची खूण होती, असे दाखविले. ह्या संशोधनामुळे उठावांकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे.

तथापि सपाटीवरील शेतकऱ्यांनी सोसलेले हालही विसरता येत नाहीत. जाळलेली गावे व पळविलेली गुरे ही त्यांच्या दृष्टीने सत्य घटना होती आणि बंदोबस्ताची त्यांची मागणी न्याय्य होती. तसेच १८२५ नंतरच्या धोरणाने अनेक प्राण वाचले, हेही मान्य केले पाहिजे. त्या धोरणातील उणीव अशी, की त्याने भिल्लास नोकरी, तनखा व माफी दिली, परंतु हक्क दिला नाही. जे मर्जीने मिळाले, ते मर्जी फिरताच गेले.

१८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले वाढत गेली व डोंगरातील वहिवाट अधिकच आकुंचित झाली. जमिनी परक्यांकडे जाण्याची प्रक्रिया विसाव्या शतकातही चालू राहिली. तिच्याविरुद्ध १९७० नंतर शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. महाराष्ट्र शासनाने १९७४ मध्ये अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याविषयी कायदा केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातील वहिवाटीस मान्यता दिली व त्याखालील २००८ च्या नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचे निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य मानले. ज्या लेखी पुराव्याच्या अभावी नाईकांचे हक्क १८१८ मध्ये अमान्य झाले, त्याची सक्ती अशा प्रकारे सुमारे दोन शतकांनी शिथिल झाली. चाळीसगाव व कन्नड यांमधील घाट औट्रमच्या नावाने ओळखला जातो. त्याच डोंगररांगेत लढलेल्या चिल व हिरिया ह्या नाईकांची नावे मात्र जुन्या सरकारी कागदपत्रांतच राहिली आहेत.